प्रसाधनांच्या वेष्टनावरील तीन शब्द : 'आयुर्वेदीय', 'नैसर्गिक' आणि 'सेंद्रिय'

प्रसाधनद्रव्यांची निर्मिती करणाऱ्या फार्मसींच्या मालकांकडून अलीकडे आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "आमचे उटणे ग्रंथोक्त द्रव्यांचे आहे, त्यात कोणतेही रसायन नाही, तर मग वेष्टनावर 'शंभर टक्के नैसर्गिक व सेंद्रिय' असे छापण्यास हरकत कोणती?" प्रश्न विचारणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नसते. तथापि या प्रश्नात तीन निरनिराळे दावे एकत्र मिसळले गेले आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाचे प्रमाण वेगळे आहे. द्रव्य ग्रंथोक्त आहे हे सिद्ध झाल्याने ते सेंद्रिय ठरत नाही. ते सेंद्रिय आहे हे सिद्ध झाल्याने निर्धोक ठरत नाही. प्रस्तुत लेखात हे तीन शब्द ज्या निकषांवर उभे आहेत, त्यांचा विचार वैद्य आणि औषधनिर्माते या दोहोंच्या दृष्टीने करावयाचा आहे.

'आयुर्वेदीय' हा शब्द तिघांत सर्वांत स्पष्ट आहे, कारण त्याला कायद्याचा आधार आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत दिलेल्या पाठाप्रमाणेच तयार केलेले औषध हे शास्त्रीय आयुर्वेदीय औषध होय. आणि त्या ग्रंथांतील पाठांत उल्लेखिलेली द्रव्ये घेऊन स्वतः योजलेला कल्प हा पेटंट अथवा प्रोप्रायटरी आयुर्वेदीय औषध होय. सन २०१० मध्ये नियमावलीत १५८-ब हा नियम आला आणि त्यात 'सौंदर्यप्रसादक' असा स्वतंत्र वर्ग झाला. त्वचा, केश, मुख आणि शरीर यांच्या निगेसाठीची आयुर्वेदीय उत्पादने या वर्गात येतात. त्यांची निर्मिती आयुर्वेदीय परवान्यावर व अनुसूची 'टी'मधील निर्मितीपद्धतीनुसार होते. याउलट साध्या सौंदर्यप्रसाधनांसाठी प्रसाधन नियम, २०२० लागू असून त्यांचा परवाना वेगळा आहे. एकाच छपराखाली दोन्ही बनविणाऱ्यांनी हा भेद नीट पाळावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे.

कायदा 'प्रसाधन' म्हणजे काय हे सांगतो : शरीरावर चोळणे, ओतणे, शिंपडणे अशा प्रकारे स्वच्छता, सौंदर्यवृद्धी अथवा रूपात बदल करण्यासाठी वापरण्याचा पदार्थ. या व्याख्येत 'नैसर्गिक', 'सेंद्रिय' किंवा 'हर्बल' यांचा मागमूस नाही. युरोपातही स्थिती फारशी निराळी नाही. तेथील १२२३/२००९ हा प्रसाधनविषयक विनियम ११ जुलै २०१३ पासून पूर्णपणे लागू झाला. सुरक्षिततेविषयी तो अत्यंत कडक आहे, परंतु 'नैसर्गिक' कशास म्हणावे याविषयी मौन बाळगतो. ही पोकळी खाजगी मानकांनी भरून काढली. म्हणूनच बाजारात इतकी बोधचिन्हे दिसतात आणि म्हणूनच त्यांचा अर्थ एकसारखा नाही.

यांपैकी दोन पद्धती समजून घेतल्या की बाकीच्यांचा अंदाज येतो. पहिली आयएसओ १६१२८. तिचा पहिला भाग २०१६ मध्ये व दुसरा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धती प्रत्येक घटकाला शून्य ते एक असा निर्देशांक देते व त्यावरून संपूर्ण उत्पादनाची टक्केवारी काढते. ती कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. वेष्टनावर काय लिहावे, त्वचेला काय बाधेल, हे आपल्या कक्षेबाहेरचे आहे असे ती स्वतःच सांगते. येथे पाण्याकडे लक्ष द्यावे. या गणनेत पाणी नैसर्गिक धरता येते. समजा, एका कुमारी जेलमध्ये ८५ भाग पाणी, १० भाग वनस्पतिज घटक आणि ५ भाग कृत्रिम घटक आहेत. पाणी धरल्यास हे जेल ९५ टक्के नैसर्गिक ठरते. पाणी वगळल्यास तेच सुमारे ६७ टक्क्यांवर येते. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. ग्राहकाला मात्र पहिलाच दिसतो, आणि तो कुमारीचा आकडा आहे असे त्यास वाटते.

दुसरी पद्धती कॉसमॉस. जर्मनीतील बीडीआयएच, फ्रान्समधील कॉसमेबिओ व इकोसर्ट, इटलीतील आयसीईए आणि ब्रिटनमधील सॉइल असोसिएशन या पाच संस्थांनी आपापली मानके एकत्र करून ती उभारली. २०१० मध्ये ब्रुसेल्स येथे तिची संस्था झाली. येथे प्रत्यक्ष तपासणी व प्रमाणपत्र आहे. 'कॉसमॉस नॅचरल' या चिन्हासाठी सेंद्रिय घटकांची किमान अट नाही, पण घटक व प्रक्रिया यांवरील निर्बंध पाळावेच लागतात. 'कॉसमॉस ऑर्गॅनिक'साठी दोन अटी आहेत. दळणे, पिळणे, वाळविणे, गाळणे, काढा करणे अशा केवळ भौतिक क्रियांनी सिद्ध झालेल्या कृषिजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के सेंद्रिय हवेत. शिवाय संपूर्ण उत्पादनाच्या किमान २० टक्के भाग सेंद्रिय हवा. धुऊन टाकावयाच्या तसेच खनिजप्रधान उत्पादनांसाठी ही दुसरी मर्यादा १० टक्के आहे. पाणी व खनिजे सेंद्रिय धरली जात नाहीत, कारण ती पिकविली जात नाहीत.

आता हे आपल्या उटण्याला लावून पाहू. शंभर भागांत मसूरपीठ ४०, आंबेहळद १०, मंजिष्ठा १० आणि मुलतानी माती ४० असा साधा पाठ घ्या. मसूर व आंबेहळद प्रमाणित शेतीतील आहेत, मंजिष्ठा जंगलातून आलेली व अप्रमाणित आहे. एकूण उत्पादनाचा ५० टक्के भाग सेंद्रिय झाला. दुसरी अट सहज पूर्ण झाली. परंतु कृषिजन्य घटक ६० भाग, त्यांतील सेंद्रिय ५० भाग, म्हणजे सुमारे ८३ टक्के. पहिली अट फसली. 'नॅचरल' मिळू शकेल, 'ऑर्गॅनिक' नाही. यावर एक 'उपाय' सुचविला जातो, तोही आम्ही ऐकला आहे : मंजिष्ठा ३ भाग करा, मसूर ४७ करा. गणित बरोबर ९५ टक्क्यांवर येते. चिन्ह मिळते. आणि ज्या द्रव्याची चरकाचार्यांनी वर्ण्य गणात गणना केली, ते द्रव्य उटण्यातून जवळजवळ निघून जाते!

हाच आमचा मुख्य मुद्दा आहे. ही मानके शेती, प्रक्रिया आणि पर्यावरण यांची परीक्षा करतात; द्रव्याच्या कार्मुकतेची नाही. त्यांच्या तराजूत वजन मोजले जाते, वीर्य नाही. त्यामुळे जो आधारद्रव्य अधिक घालतो त्याला गुण अधिक मिळतात. तैलांतही तेच आहे. शार्ङ्गधरांच्या परिभाषेनुसार कल्क एक, स्नेह चार व द्रव सोळा भाग घेऊन पाक केल्यावर द्रवातील पाणी निघून जाते आणि उरते ते प्रामुख्याने तेल. तिळतेल प्रमाणित असेल तर टक्केवारी वर चढते. कल्कद्रव्ये सकस होती की सडकी, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मानकाचा हा दोष नव्हे. ते त्या कामासाठी बनविलेलेच नाही. परंतु मानकासाठी पाठ बदलणे हा मात्र आपला दोष ठरेल. पाठ तसाच ठेवून प्रमाणित मंजिष्ठा मिळवावी, अन्यथा 'नॅचरल'वर समाधान मानावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रमाणित वनौषधी मिळविणे कठीण आहे हे आम्ही जाणतो, अशक्य नाही. आपल्या देशात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून आहे व त्याचे काम अपेडाकडे आहे. त्यात शेतीबरोबर वन्य संकलनाचीही तरतूद आहे : संकलनाचे क्षेत्र नकाशावर निश्चित असावे, तेथे निषिद्ध द्रव्यांची फवारणी नसावी, वनस्पती पुन्हा वाढू शकेल इतकेच काढावे, संकलकांची नोंद असावी. शेतीसाठी रूपांतराचा काळ वार्षिक पिकांना किमान दोन वर्षे व बहुवर्षायू पिकांना तीन वर्षे धरला जातो. म्हणजे आज ठरविले तरी पुढच्या दिवाळीला सेंद्रिय उटणे निघत नाही. खरेदी करताना पुरवठादाराच्या सामान्य प्रमाणपत्राची छायाप्रत पुरत नाही. त्या विशिष्ट मालाचे व्यवहार-प्रमाणपत्र मागावे. किराणा दुकानातील हळदीच्या पुड्यावर 'जैविक भारत' चिन्ह असते, ते अन्नासाठी आहे. तीच हळद उटण्यात घातली म्हणून चिन्ह उटण्याबरोबर येत नाही. निर्यात करावयाची असल्यास, आपल्या मालाचे कोणते प्रमाणपत्र ग्राह्य आहे हे प्रमाणन संस्थेकडून खरेदीपूर्वी लेखी घ्यावे.

'रसायनविरहित' या शब्दाविषयी फार लिहावयाचे नाही. लवण, क्षार, तुरटी, पाणी ही सारी रसायनेच आहेत. आयुर्वेदात तर 'रसायन' शब्दाचा अर्थ किती आदराचा! वैद्याच्या नावाने निघणाऱ्या वेष्टनावर हा शब्द शोभत नाही.

परिरक्षकांचा प्रश्न मात्र गंभीर आहे. जलयुक्त लेप, जेल, क्रीम यांत जंतू वाढतात, आणि कुमारी किंवा गुलाबजल त्यांना थांबवीत नाही. आपल्या आचार्यांनी हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडविला होता. साठवावयाचे ते चूर्ण, तैल किंवा घृत; पाण्यात, दुधात, स्वरसात कालवावयाचे ते वापराच्या वेळी. पाणी आणि साठवण यांची गाठच त्यांनी पडू दिली नाही. आधुनिक ग्राहकाला मात्र डबीतील तयार मऊ क्रीम हवे असते. ते द्यावयाचे असेल तर परिरक्षक घालावाच लागेल, व तो घालण्यात कमीपणा नाही. कॉसमॉसलाही हे मान्य आहे : बेंझोइक, सॉर्बिक, सॅलिसिलिक व डीहायड्रोॲसेटिक ही आम्ले व त्यांची लवणे, तसेच बेंझाइल अल्कोहोल यांना त्यात परवानगी असून त्यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. पॅराबेन, द्रव पॅराफिन, इथिलीन ऑक्साइडच्या क्रियेने बनविलेले फेसकारी घटक यांना त्यात स्थान नाही. केशतैलाच्या बाटलीवर माका आणि जास्वंदीचे चित्र व आत बहुतांश द्रव पॅराफिन, असे ज्यांचे उत्पादन आहे, त्यांनी परवाना असला तरी 'नैसर्गिक' शब्दाच्या वाटेस जाऊ नये.

चूर्णरूप प्रसाधने करणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो, कारण ती बहुधा उशिरा लक्षात येते. चूर्णातील जंतुभार कमी करण्यासाठी अनेक जण माल गॅमा किरणांच्या संस्काराला पाठवितात. कायद्याने त्यात गैर नसेल. परंतु सेंद्रिय मानकांत, कॉसमॉसमध्येही, आयनकारी किरणांचा संस्कार निषिद्ध आहे. इथिलीन ऑक्साइडचा धूरही निषिद्ध. सर्व द्रव्ये प्रमाणित असूनही या एका पायरीवर चिन्ह हातचे जाते. पर्याय वाफेच्या संस्काराचा आहे. त्याहून महत्त्वाचा पर्याय म्हणजे द्रव्ये वेळेवर, स्वच्छ जागी, पूर्ण वाळविणे. आयएसओ १७५१६ प्रमाणे सामान्य प्रसाधनात प्रति ग्रॅम एक हजार, आणि डोळ्यांभोवती अथवा तीन वर्षांखालील बालकांसाठी वापरावयाच्या प्रसाधनात शंभर, ही जंतुसंख्येची मर्यादा आहे. मातीत रचून ठेवलेला नागरमोथा दळून ती गाठता येत नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज तर वैद्यांनीच दूर केला पाहिजे. हरताळ आणि मनःशिला निसर्गात सापडतात, ग्रंथांतील लेपांतही त्यांचा उल्लेख आहे. म्हणून त्या प्रसाधनात चालत नाहीत. चिकित्सेसाठी वैद्याच्या देखरेखीखाली योजलेला लेप आणि दुकानातून कोणीही विकत घेऊन रोज लावावयाचे प्रसाधन, या दोन गोष्टी आहेत. आपल्या कायद्याने रंगासाठी शिसे व आर्सेनिक यांची संयुगे प्रसाधनात वापरण्यास मनाई केलेली आहे. गैरिक व मुलतानी माती मानकांना मान्य असल्या तरी प्रत्येक खरेदीत शिशाची तपासणी करून घ्यावी.

वनस्पतींचेही तसेच. युरोपीय विनियमाच्या निषिद्ध यादीत कुष्ठाच्या मुळाचे तेल सुगंधद्रव्य म्हणून वर्ज्य आहे, कारण त्याने त्वचेची ॲलर्जी उद्भवते. शिवाय कुष्ठ ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. रक्तचंदन व जटामांसी दुसऱ्यात. बाकुचीतील सोरालेन सूर्यप्रकाशात त्वचा पोळते हे आपण श्वित्राच्या चिकित्सेत प्रत्यही पाहतो. त्या द्रव्याने युक्त 'नैसर्गिक' क्रीम दिवसा लावण्यास सांगणे अनुचित होय. सुगंधी तेलांत स्वभावतःच असणारे लिनॅलूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, सिट्राल हे घटक ठराविक प्रमाणापेक्षा अधिक असल्यास तेथे वेष्टनावर नावानिशी लिहावे लागतात. ते अत्तर शेतातून आले की प्रयोगशाळेतून, असा भेद केला जात नाही. २०२३ च्या सुधारणेने ही यादी २६ वरून सुमारे ८० पर्यंत वाढविली आहे.

आणि काळी मेंदी. 'हर्बल', 'नैसर्गिक' अशी अक्षरे मिरविणारी मेंदी लावून टाळूला स्राव, पापण्यांना सूज, कानामागे पुरळ अशी लक्षणे घेऊन रुग्ण चिकित्सालयात येतात; "पण ती तर आयुर्वेदिक होती" असे म्हणतात. मेंदीच्या पानातील लॉसोन केसांना तांबूस-नारिंगी रंग देते, काळा नव्हे. केस अर्ध्या तासात काळेभोर करणाऱ्या मेंदीत बहुधा पॅराफिनिलिनडायअमीन असते. नीलीच्या पानांनी काळा रंग येतो, परंतु त्याला वेळ व सहसा दोन पायऱ्या लागतात. एकदा या द्रव्याची ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. अशा रुग्णाची नोंद करताना उत्पादनाचे नाव, तुकडी क्रमांक व वेष्टनाचे छायाचित्र ठेवावे. आयुर्वेदीय औषधांच्या औषधदक्षता केंद्राकडे ते कळविता येते.

'व्हीगन' हा आणखी वेगळाच दावा होय. कुंकुमादि तैलात अजादुग्ध व लाक्षा आहेत. ते नैसर्गिक असू शकेल, व्हीगन असणार नाही. विचारणाऱ्या ग्राहकाला तसे सरळ सांगावे.

राहता राहिली कायद्याची बाजू. 'नैसर्गिक' शब्दाची व्याख्या नाही म्हणून तो मोकळा आहे, असा समज आता धरून चालणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. 'नैसर्गिक', 'सेंद्रिय', 'शाश्वत' यांसारखे सरधोपट शब्द पुरेसा, अचूक व सहज उपलब्ध खुलासा आणि पुरावा असल्याशिवाय वापरू नयेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दावा सिद्ध करण्याची जबाबदारी छापणाऱ्यावर आहे. लहान फार्मसीला कॉसमॉसचा खर्च परवडेलच असे नाही, आणि केवळ गावात व जिल्ह्यात विक्री करणाऱ्याला त्याची गरजही नाही. आयुष विभाग व भारतीय गुणवत्ता परिषद यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ऐच्छिक प्रमाणन योजना त्याच्या अधिक जवळची आहे. तीत द्रव्याच्या गुणवत्तेची परीक्षा होते, जी सेंद्रिय चिन्हात होत नाही.

प्रमाणपत्र नसतानाही खरे आणि उपयुक्त असे पुष्कळ लिहिता येते. वरील उटण्याच्या पुडक्यावर आम्ही असा मजकूर सुचवू : "मसूरपीठ ४० टक्के, आंबेहळद १० टक्के, मंजिष्ठा १० टक्के, मुलतानी माती ४० टक्के. मसूर व आंबेहळद प्रमाणित सेंद्रिय शेतीतील; मंजिष्ठा वन्य संकलित. कृत्रिम रंग, सुगंध व परिरक्षक नाहीत. कोरडे ठेवावे, वापराच्या वेळी दूध किंवा पाण्यात कालवावे व उरलेले टाकून द्यावे. प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावे." त्यासोबत परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक, निर्मितीची व अंतिम मुदतीची तारीख असतेच. व्यवहार-प्रमाणपत्राची प्रत फार्मसीच्या नोंदवहीत त्या तुकडीच्या पानाला जोडून ठेवावी, म्हणजे विचारणा झाल्यास शोधाशोध करावी लागत नाही.